शिवलेली नऊवारी "पारंपरिक" नाही का? मग पारंपरिक म्हणजे कोणत्या सालचं?

रेवा_ठाणे

मंडळी, घरात छोटंसं महाभारत चालू आहे, जरा मदत करा. मार्गशीर्षात नणंदेचं लग्न आहे. मी शिवलेली नऊवारी आणली, म्हणजे पाय घालायचे, नाडी आवळायची, पदर खांद्यावर टाकायचा, पाच मिनिटांत बाई तयार. तर मावससासूबाई म्हणाल्या हे कसलं सोंग, नऊवारी "नेसतात", "घालत" नाहीत, ही सगळी हल्लीची फॅशन. आता गंमत अशी की त्या स्वतः जन्मभर पाचवारीत वावरल्यात, नऊवारी त्यांच्या अंगावर मी फक्त मंगळागौरीच्या फोटोत पाहिलीय. नवरा म्हणतो फॅशन म्हणजे वरवरचं, कपडे म्हणजे कपडे, कशाला डोकं लावता. पण माझं डोकं लागलंच ना.

तर प्रश्न असे. नऊवारी नक्की किती जुनी? परकर ब्लाऊज हे आपलं की इंग्रजांचं? आणि कपडा कुठे संपतो न् फॅशन कुठे सुरू होते, याला काही व्याख्या आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर "पाच हजार वर्षांची परंपरा" असले फॉरवर्ड येतात त्यावर माझा विश्वास नाही, कोणी नीट माहितीचं सांगा.

जुनाट_पेटारा

तुमच्या मावससासूबाईंच्या सासूबाई असत्या तर त्यांनी पाचवारीलाच फॅशन म्हटलं असतं, आणि नाक मुरडून म्हटलं असतं. बिनकाष्ट्याचं नेसायला "गोल नेसणं" म्हणायचे, गोल पातळ नेसलेली सून म्हणजे शिकलेली, शहरातली, जरा पुढारलेली. कर्मठ घरात काष्टा घातलेलं नेसणं ते सकच्छ आणि देवाधर्माला तेच चालायचं, विकच्छ, म्हणजे बिनकाष्ट्याची, बाई सोवळ्याच्या कामाला नको. म्हणजे आज जी पाचवारी एकदम सोज्वळ वाटते ती एके काळी वादाची गोष्ट होती. तुमचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो.

व्याख्या विचारलीत तर माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. ऊन थंडी पाऊस आणि लाज यासाठी अंगावर जे घेतो तो कपडा. त्यावरून माणूस कुठल्या गावचा, जातीचा, लग्न झालेला की नाही, सुतकात आहे की सणात हे समोरच्याला कळतं तो पोशाख. आणि त्या पोशाखातलं जे सारखं बदलत राहतं, केवळ बदलायचं म्हणून बदलतं, ती फॅशन. गेऑर्ग झिमेल म्हणून जर्मन समाजशास्त्रज्ञ होता, त्याने १९०४ मध्ये मांडलं की माणसाला एकाच वेळी चारचौघांसारखं दिसायचं असतं आणि चारचौघांत उठूनही दिसायचं असतं, फॅशन दोन्ही हौशी भागवते, आणि वरच्या लोकांचं खालच्यांनी उचललं की वरचे ते टाकून नवीन काहीतरी शोधतात. झिमेलने मराठी लग्न पाहिलं नव्हतं पण पाहिलं असतं तर फार काही बदललं नसतं त्याने. त्यामुळे फॅशन वरवरची हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही, कोण कोणाची नक्कल करतंय आणि कोणाला नक्कल करायची मुभा नाही हे सगळं तिच्यात दिसतं.

आता नऊवारी किती जुनी. लोणावळ्याला जाल तेव्हा चिक्कीच्या दुकानात शिरण्याआधी कार्ल्याचं लेणं चढून या. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्यात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या. कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, कमरपट्टा, भरपूर दागिने, डोक्याला काहीतरी बांधलेलं, आणि वरचं अंग जवळपास उघडं, बाई असो की बाप्या. "पाच हजार वर्षांची परंपरा" वाल्यांना तिथे नेऊन उभं करावं असं फार वाटतं. अजिंठ्याच्या चित्रांत, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपास, पट्ट्यापट्ट्यांची आणि नक्षीची वस्त्रं आहेत, पारदर्शक म्हणावं इतकं झिरझिरीत कापड आहे, काही बायकांच्या अंगात शिवलेल्या चोळ्याही आहेत, पण आपण ज्याला लुगडं म्हणतो तसं, एकच लांब वस्त्र कमरेला नेसून मागे काष्टा घालून त्याचाच पदर वर घ्यायचा, ते तिथे शोधू नका. ते पुढच्या काळातलं. पेशवाईतल्या चित्रांपर्यंत आलं की व्यवस्थित ओळखीचं दिसायला लागतं.

परकर ब्लाऊजची गोष्ट जास्त मजेची आहे आणि ती मुंबईतून जाते. सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले भाऊ, पहिले भारतीय आयसीएस, त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांची बायको ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये इकडे आली. बंगाली बायका तेव्हा नुसती एक साडी गुंडाळायच्या, आत काही नाही, तशा वेशात साहेबांच्या पार्टीला जाणार कशा. मुंबईत तिने पारशी बायका पाहिल्या, आत झंपर, परकर, वर छान चापून नेसलेली साडी. तिने ती पद्धत घेतली, पदर मात्र डाव्या खांद्यावर नेला, उजवा हात मोकळा. कलकत्त्याला परत गेल्यावर ब्राह्मो समाजातल्या बायकांनी ती उचलली. आज देशभर जी साडी "भारतीय नारी" म्हणून दाखवतात तिच्या नेसण्यात हा धागा मोठा आहे. म्हणजे बंगाली बाईने मुंबईत पारशिणींकडून घेतलेली फॅशन. घ्या परंपरा.

आणि दुसरा माणूस राजा रविवर्मा. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो मळवलीला नेला, आणि तिथून लक्ष्मी सरस्वतीचे रंगीत छाप घरोघर भिंतीवर गेले. त्या देव्यांच्या अंगावर काठापदराची साडी आणि चोळी. त्या छापांनी आपल्या डोक्यात देवीचा पोशाख इतका पक्का केला की सीता द्रौपदी वगैरे सगळ्या जणी साडी-ब्लाऊजमध्येच वावरत होत्या असं आपण न विचारता मानतो.

मध्या_मिरजकर

पेटारा, लेख छान पण एक मुद्दा राहिला. शिवलेले कपडे मुळात आपले नव्हेतच, ते मुसलमानांनी आणले, आधी सगळं न शिवलेलं होतं. म्हणून धार्मिक कार्यात न शिवलेलं वस्त्र लागतं. त्या हिशोबाने सासूबाई बरोबर, शिवलेली नऊवारी परंपरेत बसत नाही.

जुनाट_पेटारा

मध्या, हे फार ऐकलेलं आहे आणि चूक आहे. मथुरेला कुषाण राजा कनिष्काचा तो बिनडोक्याचा पुतळा आहे ना, तो बघ, अंगात लांब झगा आणि पायात जाडजूड बूट, साल दुसरं शतक. अजिंठ्यातल्या शिवलेल्या चोळ्यांचं वर लिहिलंच आहे. आणि आपले नामदेव महाराज जातीने शिंपी, तेराव्या-चौदाव्या शतकातले. शिंप्याची अख्खी जात तोपर्यंत महाराष्ट्रात रुजलेली होती ती काय पताका शिवत होती का. सुलतानी आणि मोगल काळात कापणं-शिवणं वाढलं, जामा पायजमा आले, दरबारी पोशाख तसा झाला, हे खरं. पण पूजेत न शिवलेलं लागतं ते सोवळ्याच्या कल्पनेतून, त्यावरून कोणाला सुई माहीत नव्हती असं सिद्ध होत नाही.

बखिया_डोंबिवली

मी नऊवाऱ्या शिवते म्हणून बोलते, इतिहास तुम्ही लोक बघा.

रेवाताई, एक नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. पाचवारी म्हणतो ती हल्ली साडेपाच मीटर येते, म्हणजे खरी सहा वार, नाव फक्त पाचवारी राहिलंय. शिवताना आम्ही उंची, कंबर, सीट, आणि कंबरेपासून घोट्यापर्यंत मापं घेतो, पाय वेगळे करून काष्टा मागे पक्का शिवतो, पुढे निऱ्या आणि ओचा टाके घालून बसवतो. ब्राह्मणी पाहिजे, पेशवाई पाहिजे की कोल्हापुरी तेवढं आधी सांगायचं, ब्राह्मणीत ओचा पाहिजे आणि पाऊल झाकलं पाहिजे, नाचायला पाहिजे असेल तर जरा वर घेतो. सहावारीची पण शिवून देतात पण निऱ्या चार-पाचच पडतात आणि फोटोत पोट सपाट दिसतं खरं पण काष्टा चिंचोळा होतो, मला तरी आवडत नाही.

लोक हसतात शिवलेल्याला पण माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीजणींना नेसता येते? नेसवणारीला लग्नाच्या दिवशी बोलवा, ती एका सकाळी तीन घरं करते, तुमचा नंबर पहाटे लागतो. त्यापेक्षा शिवलेली बरी. आणि नेसलेल्या नऊवारीला पण आता चार ठिकाणी पिना मारतातच की, आमच्या आजीच्या अंगावर एक पिन नसायची आणि ती त्यात भात लावायची.

एक मात्र विनंती, घरातली जुनी पैठणी कापू नका. दर मोसमात एक तरी बाई आजीची पैठणी घेऊन येते, मी परत पाठवते.

रेवा_ठाणे

@बखिया_डोंबिवली बापरे बरं झालं बोललात, कारण प्लॅन बी तोच होता 🙈 आईकडे तिच्या आईची आहे, जांभळी, पदरावर मोर. पण ती खरी आहे की सेमी हे कसं ओळखायचं? आणि खरी असली तर एवढं काय असतं तिच्यात?

बखिया_डोंबिवली

पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, कारण विणकर प्रत्येक रंगाचा धागा वेगवेगळ्या काड्यांवर घेऊन तेवढ्याच जागेत फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवतो. पॉवरलूमवर मागे लोंबते धागे येतात, ते कापलेले असतात, हात फिरवला की लागतात. जुनी असेल तर जरीवर पण कळतं पण ते सोनाराला किंवा येवल्याच्या माणसाला दाखवा, मी त्यातली नाही. खरी पैठणी विणायला नक्षीप्रमाणे महिने जातात. कापायला मला अर्धा मिनिट. म्हणून नको म्हणते.

संगर_भीमराव

इथे सगळं पैठणी, ओचा, सोवळं चाललंय म्हणून लिहितो. लुगडं कसं नेसायचं हे सगळ्याच बायकांच्या हातात नव्हतं. गुडघ्याच्या वर की खाली, काठ कुठला, अंगावर चांदी घालायची की कथील, हे गाव ठरवायचं, जातीवरून ठरवायचं. लांबून बाई येताना दिसली की कोणत्या वस्तीतली ते लुगड्यावरून कळायचं, आणि ते तसं कळावं अशीच व्यवस्था होती.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांची वेगळी सभा घेतली ते कमी लोकांना माहीत असतं. त्यात त्यांनी सांगितलं की तुमची लुगडं नेसण्याची पद्धत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती मोडा, वरच्या म्हणवणाऱ्या बायका नेसतात तशी घोट्यापर्यंत नेसा, गळ्याहातातले ते जडजड दागिने उतरवा, फाटकं असलं तरी स्वच्छ घाला. आणि बायकांनी लगेच तसं नेसायला सुरुवात केली अशी नोंद आहे. पेटाऱ्याने झिमेल सांगितला, खालचे वरच्यांची नक्कल करतात म्हणून. आमच्या आज्यापणज्यांनी जे केलं त्याला नक्कल म्हणू नका राव. चार बोटं खाली नेसलं म्हणून मार खायची तयारी ठेवून नेसायचं होतं ते. बाबासाहेबांचा सूट-टाय पण त्याच हिशोबात बघा, लोक म्हणतात साहेबी पोशाख, आम्हाला पुतळ्यावर तो निळा कोटच पाहिजे आणि का पाहिजे हे आम्हाला माहीत आहे.

तेव्हा नवऱ्याला सांगा ताई, कपडे म्हणजे नुसते कपडे हे फक्त त्यांनाच वाटतं ज्यांना काय घालावं हे कोणी कधी सांगितलेलं नाही.

जुनाट_पेटारा

@संगर_भीमराव मान्य, झिमेलला तिथे आणायला नको. तो हौसेबद्दल बोलतो, तुम्ही सांगताय तो हक्क आहे. महाडची बायकांची सभा शाळेच्या पुस्तकात यायला पाहिजे.

म्हापशेकार_शेणय

आमच्या गोव्याकडचं पण थोडं. कुणबी आणि गावडा बायकांचं कापड म्हणजे लाल-पांढरे चौकडे, आखूड, गुडघ्याखाली थोडंसं, आणि पदराची खांद्यावर गाठ मारायची म्हणजे चिखलात वाकून लावणी करताना सुटायला नको. ब्लाऊज पूर्वी नव्हताच. पोर्तुगीज काळात बाटलेल्या बायकांत वेगळेच वेश आले आणि हे विणणारे मागच कमी होत गेले. मग वेंडेल रॉड्रिक्स या आमच्या डिझायनरने ती साडी पुन्हा विणून घेतली, रॅम्पवर आणली, रंग पण बदलले, आणि आता पणजीतल्या पार्टीत शेतात पाय न घातलेल्या बायका कुणबी साडी नेसून मिरवतात, किंमत विचारू नका. मला स्वतःला यात आनंद आहे की राग आहे ते अजून ठरलेलं नाही. मागावर चार माणसं पुन्हा बसली हे चांगलं झालं. पण जिच्या आजीची ती साडी तिला ती दुकानात परवडत नाही.

कोल्हापुरी चपलांचं पण तेच ना झालं, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला चालवल्या, आधी कोल्हापूरचं नावच नाही, इकडून ओरडा झाला तेव्हा कबूल केलं की हो, प्रेरणा तिकडची. आणि त्या चपलांचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं मिळून आहे, २०१९ पासून.

मध्या_मिरजकर

कर्नाटकचा विषय निघालाच आहे म्हणून, सीमेवरचा माणूस म्हणून सांगतो. मराठी मराठी म्हणून जे आपण मिरवतो त्यातलं निम्मं तिकडून येतं. इरकल इलकलची, बागलकोट जिल्हा. खण गुळेदगुड्डचा, तोही तिथलाच. नारायणपेठी तेलंगणातल्या नारायणपेठची, पुण्याच्या पेठेशी काही संबंध नाही, पुणेकरांनी उगाच खूश होऊ नये 😄 माहेश्वरी अहिल्याबाईंनी विणकर वसवून महेश्वरला सुरू केली, ते मध्य प्रदेशात. इरकलीत पदर वेगळा विणून अंगाच्या ताण्याला एकेक फास घालून जोडतात, त्याला टोपे-टेणी म्हणतात, आमच्या आज्जीच्या इरकलीत तो जोड अजून घट्ट आहे, साडी विरली पण जोड नाही सुटला. शिवणाचा मुद्दा मागे घेतो, कनिष्काचे बूट बघितले.

गिरणगाव_लालबाग

सगळे हातमागावर बोलतायत, पण बायांनो तुमच्या आज्या रोज नेसायच्या ते पातळ कुठून यायचं? पैठणी वर्षातून एकदा. रोजचं पातळ आमच्या गिरणीतलं. कावसजी दावरांनी १८५४ ला मुंबईत पहिली गिरणी काढली तिथपासून पुढे शंभर-सव्वाशे वर्षं. माझे वडील विव्हिंगला होते, तिसऱ्या पाळीला. गिरणीचं कापड स्वस्त आणि एकसारखं, म्हणून गावच्या मागावरचं लुगडं मागे पडलं. मग लढाईच्या वेळी १९४३ ला कापडावर कंट्रोल आला, रेशनवर कापड मिळायचं, तेव्हा नऊ वार कुठून आणणार, पाच-सहा वारांत भागवणारी बाई शहाणी ठरली. गोल नेसणं पुढारलेपणाचं असेल, पण पैशाचा हिशोब पण होता त्यात, तो कोणी सांगत नाही. नंतर नायलॉन आलं, टेरिकॉट आलं, धुवा आणि वाळत टाका, इस्त्री नको, आमच्या आईने सुती पातळं बोहारणीला दिली एका वर्षात, भांडी घेतली त्याच्यावर. ८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. आता तिथे मॉल आहेत आणि मॉलमध्ये रेडिमेड नऊवारी मिळते.

रेवा_ठाणे

तुम्ही लोकांनी कमाल केलीत. मावससासूबाईंना फोनवर अर्धं वाचून दाखवलं, कार्ल्याच्या उघड्या अंगाशी आल्यावर त्यांनी "पुरे" म्हटलं 😅 पण गोल पातळाचं त्यांना आठवलं, त्यांच्या आत्याला म्हणे गोल नेसली म्हणून आठवडाभर देवघरात येऊ दिलं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

आता एकच. बायकांनी काय नेसायचं यावर एवढं चालतं, नवरदेव मात्र शेरवानी घालून येणार आहे, वर कोल्हापुरी फेटा, तोही बांधलेला विकत आणलेला, टोपीसारखा. त्यावर कोणी चकार शब्द काढलेला नाही.

जुनाट_पेटारा

पुरुषांचं असंच. अंगरखा, उपरणं, पगडी सगळं दोन पिढ्यांत गेलं, कोणी सुतक पाळलं नाही. सार्वजनिक काका, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हाताने कातलेल्या खादीत गेले होते, गांधीजींच्या कितीतरी आधी, तेव्हा पुरुषाच्या कपड्याला काही म्हणायचं होतं. आता शेरवानी भाड्याने मिळते. माझ्या लग्नात मी धोतर नेसायचा हट्ट धरला, गुरुजींनीच रेडिमेड आणलं होतं, मागे इलॅस्टिक.

बखिया_डोंबिवली

नवरदेवाला धोतर पाहिजे असेल तर मी शिवून देते. कंबर आणि उंची पाठवा, आणि इलॅस्टिक की नाडी ते आत्ताच सांगा, मार्गशीर्षाच्या ऑर्डरी दिवाळीनंतर घेत नाही.